हात की हँडल

गेल्या वर्षी चार महिने आमच्या घरात एकाच प्रश्नावर दोन तट पडले होते. मोटरसायकलचं हँडल थरथरतं, की ते धरणारे हात? हँडल थरथरतं, असं ह्यांचं म्हणणं. हात थरथरतात, असं मुलाचं. मुलगा बेंगळुरूला असतो, त्यामुळे त्याचं सगळं म्हणणं फोनवरून. आणि फोनवर माणूस असतो त्यापेक्षा जास्त ठाम होतो. "अण्णा आता सदुसष्टचे झाले. गाडी विकून टाका. कुठं जायचं असेल तर मी कार ठरवून देतो." सासूबाई नव्वदीला टेकल्यात. त्यांचं मत असं, की दोघांनी घरात बसून णमोकार म्हणावा, म्हणजे काहीच थरथरणार नाही.

मुलगा उगीच बोलत नव्हता. ह्यांच्या हातातला चहाचा कप मीही बघत होते. कप बशीत ठेवताना होणारी ती बारीक टकटक वर्षभर माझ्या कानावर होती.

पण गाडी विकायची म्हणजे काय विकायचं, हे मला माहीत होतं. नोकरीत असताना हे बोलत नसत. सकाळी डबा, संध्याकाळी पेपर. निवृत्तीनंतर ही लांब पल्ल्याची जड मोटरसायकल घेतली, आणि माझ्या लक्षात आलं की माणूस पाठमोरा असला की बोलतो. स्तवनिधी झालं, कुंभोज झालं, हुमचा, मूडबिद्री, कारकळ झालं. चार वर्षांत ३६,००० किलोमीटर. माझ्या लग्नाची खरी वर्षं मला विचाराल तर मी ह्या किलोमीटरांत मोजीन. गाडीचं नाव सांगत नाही. तक्रार झिजेची होती, कंपनीची नव्हे.

आधी ती थरथर नेमकी कशी होती ते सांगते. साधारण सत्तरच्या वेगानं चाललोय, पुढे गाव आलं, ह्यांनी ॲक्सिलरेटर सोडला. वेग उतरत उतरत साठ-पंचावन्नला आला की हँडल डावी-उजवीकडे भराभर हलायला लागे. चाळीसच्या खाली गेलं की आपोआप थांबे. मला मागे बसून हे आरशात कळायचं. मागून येणारा ट्रक आरशात स्वच्छ दिसत असायचा, आणि एकदम पाण्यात पडल्यासारखा धूसर व्हायचा. हे म्हणत, "काही नाही, जरा घट्ट धरलं की जातं." आणि जायचंही. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. आरशातला ट्रक परत परत धूसर होत होता.

मग मी वही घातली. आमचं घराणं दुकानदाराचं, वही घालणं रक्तातच आहे. स्वाध्यायाला येणाऱ्या बायकांना मी नेहमी सांगते, की स्याद्वादातला 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे. त्याचा अर्थ 'एका अपेक्षेने'. वस्तूविषयी काही बोलायचं तर कोणत्या अपेक्षेनं बोलतोय ते आधी सांगा. आता हे मोटरसायकलला लावायची वेळ येईल असं काही वाटलं नव्हतं, पण लागलं बघा. 'गाडी हलते' ह्या वाक्याला काही अर्थच नव्हता. किती वेगाला, वेग चढताना की उतरताना, मागे मी आहे की नाही, डबा आहे की नाही, हवा किती, हात घट्ट की सैल? वहीत ह्याच्या सहा रकाने-उभ्या रेघा आखल्या आणि प्रत्येक फेरीनंतर मागच्या सीटवरूनच भरायला लागले. एक नियमही केला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशानं गुण आला ते कळत नाही. औषधाचं तसंच असतं ना.

पहिला आळ हवेवर आला, कारण ते फुकटचं होतं. पेट्रोलपंपावरच्या मीटरचा मला भरवसा नाही. दोन पंपांवर एकाच चाकाची हवा चार पौंडांनी वेगळी निघाली. स्वतःचं छोटं मीटर आणलं आणि सकाळी, गाडी हलायच्या आधी, थंड चाकात मोजलं. पुस्तकात पुढच्या चाकाला २९ सांगितलंय, निघाली २४. भरली. थरथर कमी झाली, गेली नाही. वहीत लिहिलं.

दुसरा आळ माझ्या डब्यावर. ह्या डब्याविषयी थोडं बोलायला हवं. आम्ही बाहेरचं सहसा खात नाही आणि सूर्यास्तानंतर मुळीच नाही. प्रवासात म्हणजे चपात्या, दशम्या, चटणी, मेतकूट, गाळलेलं पाणी आणि गाळणं, बदलायला धूतवस्त्र, पूजेचं साहित्य, हे सगळं मागच्या पेटीत. ही पेटी मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे, कॅरियरवर लटकलेली. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या दशम्याच हँडल हलवतायत." चेष्टेत म्हणाला, पण त्यात यंत्रशास्त्र बरोबर होतं. आसाच्या मागे वजन टांगलं की ते तरफेसारखं काम करतं. मागचं चाक दाबलं जातं आणि पुढचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक फडफडायला मोकळं. मॉलमधल्या ट्रॉलीचं एखादं पुढचं चाक कसं रिकाम्या ट्रॉलीत फडफडतं आणि पिठाची दहा किलोची पिशवी ठेवली की गप्प बसतं, तसंच.

पेटी वजन केली. भरून चौदा किलो. तिच्यातलं जड सामान, पाणी आणि डबे, दोन बाजूंच्या पिशव्यांत खाली, पुढे सरकवलं. पेटीत फक्त कपडे ठेवले. थरथर आणखी कमी झाली. मग एके रविवारी पेटीच काढून, मी घरी राहून, ह्यांना एकटं पाठवलं. हिरेबागेवाडीच्या पुढे सकाळी रस्ता मोकळा असतो. परत आले, हेल्मेट काढलं, म्हणाले, "आहे. थोडीच आहे, पण आहे." दशम्या सुटल्या.

तिसरा आळ टायरवर, आणि तो खर्चिक होता. पुढच्या टायरवरून तळवा पुढे फिरवला तर गुळगुळीत, मागे फिरवला तर करवतीचे दात लागावेत तसं. ठराविक अंतरावर खळगे. शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरवर गाडी नेली. तिथल्या टाय घातलेल्या मुलानं टायर बघून क्षणात निकाल दिला: टायर बदला, चाक बॅलन्स करा, झालं. कोनसेट बघितला का, असं ह्यांनी विचारलं. हँडल धरून एकदा पुढे-मागे हलवून तो म्हणाला, "एकदम टाइट आहे सर." टायर बदलला. रिमला शिशाची वजनं लावली. परत येताना आरशातला ट्रक शेवटपर्यंत ट्रक राहिला. घरी शिरा केला.

बाराशे किलोमीटर बरी चालली. कोल्हापूरला दोन लग्नं झाली, धारवाड झालं. मग तवंदी घाट उतरताना आरसा परत धूसर झाला.

हे मी मुद्दाम सांगते, कारण नव्या टायरनं गाडी बरी होते आणि परत बिघडते, हा सगळ्यात फसवा टप्पा आहे. टायरवर ते खळगे पडले ते थरथरीचं कारण होते, हे खरं. पण ते खळगे मुळात कशानं पडले? तेही कशाच्या तरी थरथरीनंच. नवा टायर म्हणजे ताप उतरवायची गोळी. ती उतरवते, पण ताप कशाचा होता ते सांगत नाही.

ह्या वेळी मुलगा फोनवर फारसं बोलला नाही. "आई," एवढंच म्हणाला, "टायर नवा आहे, हवा बरोबर आहे, डबा नाही. आता राहिलं काय?" राहिले होते फक्त हात. मी फोन ठेवला तेव्हा हे समोर बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. चहाचा कप त्यांनी त्या दिवशी दोन्ही हातांनी धरला. पुढचे आठ-दहा दिवस गाडी कव्हरखाली होती.

संक्रांतीला मुलगा आला. "मी चालवून बघतो" म्हणाला आणि वडिलांना मागे न घेता एकटाच गेला. तासाभरानं आला. "काहीच होत नाही. साठला नाही, पन्नासला नाही. बटरसारखी चालते." हे काही बोलले नाहीत, आत गेले. सासूबाई तिळगूळ करत होत्या, त्यांनीही मान वर केली नाही. मला तो क्षण सहन झाला नाही. पण वहीत एक रकाना होता, सैल की घट्ट, आणि मुलाच्या फेरीपुढे तो रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागे बसले. तो कसा धरतो ते खांद्यावरून बघितलं. तो शहरात स्कूटर आणि कार चालवणारा, ह्या जड गाडीची सवय नाही. दोन्ही मुठी अशा आवळलेल्या की बोटांची पेरं पांढरी. म्हटलं, "आता सत्तरला ने. ॲक्सिलरेटर सोड. हात काढायचे नाहीत हं, पण मुठी उघड. पाखरू धरल्यासारखं धर." त्याला ते जमेना. तिसऱ्यांदा जमलं. साठ, अठ्ठावन्न, छप्पन... आणि हँडल त्याच्या तिशीतल्या हातांत असं फडफडायला लागलं की तो ओरडलाच. चटकन घट्ट धरलं, थांबलं. परत सैल सोडलं, परत सुरू.

रस्त्याच्या कडेला गाडी लावून आम्ही दोघं थोडा वेळ उसाच्या शेताकडे बघत बसलो. "म्हणजे अण्णांचे हात..." तो म्हणाला. "अण्णांचे हात सैल आहेत," मी म्हटलं. चाळीस वर्षं दुचाकी चालवलेला माणूस हँडल आवळत नाही. म्हणून गाडीचं दुखणं त्यांना आधी कळलं. आवळून धरणाऱ्याला ते कळलंच नसतं.

(वाचणाऱ्यांपैकी कुणी गाडी चालवत असेल तर सांगते: हात पूर्ण सोडून ही परीक्षा करायची नाही. मोकळा सरळ रस्ता, मागे-पुढे कुणी नाही, आणि तळवे हँडलवरच. इतकंही पुरतं.)

पंचावन्नच का, हा प्रश्न मुलाला पडला, आणि त्यानं तो घरी येऊन सोडवला. पुढच्या चाकाचा परीघ माझ्या शिवणाच्या टेपनं मोजला, दोन मीटरला किंचित कमी. ताशी ५५ म्हणजे सेकंदाला सव्वापंधरा मीटर. म्हणजे चाकाचे सेकंदाला साडेसात-पावणेआठ फेरे. चाकात कुठेही थोडं जास्त वजन असेल, रिम थोडी वाकडी असेल, तर तो हँडलला सेकंदाला तेवढे धक्के देतो. आणि मोटरसायकलच्या पुढच्या भागाची स्वतःची डुलण्याची जी लय असते तीही साधारण सेकंदाला चार ते दहा वेळा, ह्याच पट्ट्यात. झोक्यावर बसलेल्या मुलीला बरोबर वेळेवर बोट लावलं तरी झोका चढतो, तसं. दुसऱ्या वेगाला धक्का असतोच, पण वेळ जुळत नाही. गंमत म्हणजे हाताच्या थरथरीची लयही ह्याच आकड्यांत येते, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. म्हणजे नुसत्या आकड्यानं आमचा वाद सुटलाच नसता.

पण छोटासा धक्का तर सगळ्याच गाड्यांना असतो. चांगल्या गाडीत तो जिरतो. आमच्या गाडीत जिरत का नव्हता?

त्यासाठी उद्यमबागेतल्या एका मिस्त्रींकडे गेलो. लेथ मशिनांच्या रांगेत मागे एक शेड, पाटी नाही. त्यांनी आधी माझी वही वाचली. पूर्ण वाचली. कुणी तरी माझं लिहिलेलं इतक्या लक्षपूर्वक वाचल्याचं मला आठवत नाही, आणि मी इतकी वर्षं लिहिते आहे.

मग त्यांनी मागून सुरुवात केली. मागचं चाक धरून आडवं हलवलं, स्विंग आर्मच्या बुशमध्ये खेळ आहे का बघितलं, नव्हता. चेन ताणायच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का बघितलं, आणि खुणांवरही भरवसा न ठेवता दोन्ही चाकांना लागून दोरा ताणून बघितला. चाकं एका रेषेत होती. मग गाडी मेन स्टँडवर, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक, पुढचं चाक अधांतरी. शॉकअपला पेन्सिल बांधून तिचं टोक रिमला टेकेल न टेकेल असं ठेवलं आणि चाक फिरवलं. एका ठिकाणी टोक खरखरलं, एका ठिकाणी फट पडली. आऱ्यांवर पान्यानं टकटक करत गेले. सगळ्या टणटण बोलल्या, दोन बद्द. "हे आहे थोडं. पण हे न्हाई." दोन्ही आऱ्या ताणल्या, रिम सरळ झाली.

शेवटी हँडल. शॉकअपची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढली. खट असा आवाज नाही. सर्व्हिस सेंटरवाल्या पोरानं सांगितलेलं खरंच होतं, एकदम टाइट. मिस्त्री म्हणाले, "लूज न्हाई. म्हणूनच फसलेत सगळे." मग त्यांनी केबल बाजूला सारल्या, आणि हँडल एका बोटानं, फक्त एका बोटानं, अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं. मधोमध आलं आणि थांबलं. खळगीत गोटी बसावी तसं बसलं. "वैनी, तुमी करून बगा." मी केलं. माझ्या बोटाला ती खाच अशी स्पष्ट लागली की अंगावर काटा आला. चार महिने आमच्या घराला हलवणारी गोष्ट तांदळाच्या दाण्याएवढी होती.

ते काय होतं ते सांगते. हँडलचा दांडा, ज्याला गॅरेजात टी म्हणतात, तो गाडीच्या सांगाड्यात वर एक आणि खाली एक अशा दोन बेअरिंगांवर फिरतो. ह्यालाच कोनसेट म्हणतात. आत पोलादाच्या गोळ्या, दोन वाट्यांमध्ये धरलेल्या. आता मोटरसायकल बहुतेक वेळ सरळ चालते. म्हणजे गोळ्या बहुतेक वेळ एकाच जागी. प्रत्येक खड्डा, प्रत्येक स्पीड ब्रेकर त्या गोळ्यांना त्याच जागी ठोकतो. ३६,००० किलोमीटर ठोकल्यावर वाटीत खळग्या पडतात. मग गोळ्या खळगीत बसतात, हँडल मधोमध अडकतं. गाडी चालताना हँडल सतत केसभर इकडे, केसभर तिकडे होऊन स्वतःला सावरत असतं. ते सावरणं इथं अडतं. आधी अडकतं, मग सुटून जास्त जातं, परत अडकतं. शिवाय मधे कुणी तरी, कधी तरी सर्व्हिसिंगमध्ये, खट आवाज घालवायला वरचा नट आवळलेला होता. आवाज गेला. आजार आत राहिला, आणि तपासणाऱ्या प्रत्येकाला 'टाइट आहे' एवढंच कळत राहिलं.

मिस्त्रींनी गोळ्यांचा सेट न घालता कोनिकल रोलरचा घालायचं सुचवलं. गोळी वाटीला एका बिंदूवर टेकते, रोलर रेषेवर टेकतो. भार वाटला जातो, खळग्या सहज पडत नाहीत. महाग आहे, पण परत परत गाडी उघडायला नको. मग त्यांनी मला घरचं काम दिलं. नव्या वाट्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायच्या. गार झालं की पोलाद किंचित आकसतं, आणि सांगाड्याचा गळा तेवढाच गरम केला की वाटी हातोडीच्या मारामारीशिवाय सरळ बसते. आमच्या फ्रीजमध्ये आजवर कांदा-बटाटा गेला नाही. त्या रात्री दुहेरी पिशवीत बांधलेलं बेअरिंग गेलं. सासूबाईंनी फ्रीज उघडून बघितलं आणि विचारलं, "ह्याला तेलबिल काय लावतात गं? चरबी न्हाई ना?" मी मिस्त्रींना फोन केला. लिथियम ग्रीस, म्हणाले. मग मी वाचून काढलं: तेलाला घट्टपणा आणणारा जो साबण त्यात असतो, त्यातलं आम्ल बहुतेक वेळा एरंडेलापासून करतात. एरंडेल म्हटल्यावर सासूबाईंची हरकत संपली. पोटालाही चालतं म्हणाल्या.

गाडी गॅरेजला गेली त्याच आठवड्यात मी ह्यांना दवाखान्यात नेलं. गाडीत दोष सापडला म्हणजे हात निर्दोष, असा हिशेब मला मान्य नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. हे कुरकुरले, मग वही बघून गप्प झाले. डॉक्टरांनीही मिस्त्रींसारखंच केलं, मला हसू येत होतं. हात मांडीवर सैल ठेवायला सांगितले आणि नुसतं बघत बसले. मग हात पुढे धरायला लावले. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. कागदावर गोल गोल चक्री काढायला लावली. खोलीभर चालायला लावलं, हात झुलतात का बघितलं. मांडीवर स्वस्थ ठेवलेले हात थरथरत नव्हते. काही धरलं, केलं की थरथरत होते. मला ज्या आजाराची भीती होती त्यात बहुधा ह्याच्या उलट असतं, स्वस्थ हात थरथरतो. ही दुसरी, वयाबरोबर येणारी, घराण्यातूनही येणारी थरथर. मग हे म्हणाले, मामंजींचा हात कलशातून अभिषेक करताना असाच हलायचा. मला आठवलं; आम्हाला वाटायचं भक्तीनं हलतो. सध्या औषध नको, गाडीला हरकत नाही, वर्षातून एकदा दाखवा, रात्री चालवू नका. रात्री आम्ही चालवतच नाही, म्हटलं, सूर्यास्ताला जेवून झोपणारी माणसं.

म्हणजे मुलगाही एका अपेक्षेने खरा होता. हात थरथरत होते. फक्त हँडल त्यांच्यामुळे थरथरत नव्हतं.

शनिवारी गाडी जोडताना मी समोर होते. टी काढल्यावर खालची जुनी वाटी मिस्त्रींनी माझ्या हातात दिली. कडेनं ओळीत, सारख्या अंतरावर खळग्या, कुणी मोजून ठसे मारावेत तशा. नवे रोलर हातानं ग्रीस दाबून भरले. नट आवळायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. आधी चांगला आवळला. मग हँडल ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा-सात वेळा फिरवलं, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग पूर्ण ढिला केला. आणि मग परत, हलक्या हातानं, खेळ जाईल इतपतच. परीक्षा अशी: चाक अधांतरी, हँडल सरळ, बोटानं जरासा धक्का. ते स्वतःच्या वजनानं संथपणे एका बाजूला जाऊन टेकलं पाहिजे. धाडकन पडलं तर ढिलं, मधेच थांबलं तर घट्ट. तीनदा नट फिरवल्यावर त्यांचं समाधान झालं. "पाचशे किलोमीटरला परत या. रोलर बसतात, नट जरा मागतो."

रविवारी हिरेबागेवाडीच्या पुढे सत्तरला नेऊन ह्यांनी ॲक्सिलरेटर सोडला. मी आरशात बघत होते. साठ. पंचावन्न. पन्नास. मागे टोमॅटोचा टेम्पो होता, त्याच्या क्रेट मोजता येत होत्या. मग पेटी लावून, मग पेटी भरून, मग मी आणि पेटी दोन्ही. प्रत्येक वेळी वहीत 'नाही' लिहिलं.

मार्चच्या सुरुवातीला, ऊन चढायच्या आधी, श्रवणबेळगोळला जाऊन आलो. बेळगावहून साडेचारशे किलोमीटरच्या वर. दोन दिवसांत, सावकाश. विंध्यगिरीच्या सहाशेवर पायऱ्या अनवाणी चढताना ह्यांनी माझा हात धरला, की मी त्यांचा, ते नीट सांगता यायचं नाही. बाहुबलींच्या पायाशी चामुंडरायाचं नाव मराठीतही कोरलंय, ते ह्यांनी दर वेळेसारखं बोट ठेवून दाखवलं. बोट हलत होतं.

परत आल्यावर मिस्त्रींकडे गेलो. नट खरंच जरा मागत होता, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतका. मुलगा आता फोन करतो तेव्हा आधी विचारतो, "नट बघितला का?" आणि मग जरा थांबून, "आणि अण्णांचे हात?" हात आहेत तसेच आहेत. पुढची तपासणी फेब्रुवारीत. गाडी किती वर्षं चालवायची ते अजून ठरलेलं नाही. ह्यांचं म्हणणं बाहत्तर, मुलाचं सत्तर. वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.